चकचकीत नाणे, घसरलेले मोल

दिवाळीच्या तोंडावर देवघरातील तांब्यापितळेची भांडी घासायला निघतात आणि त्यांच्याबरोबर लक्ष्मीपूजनाच्या तबकातील जुने चांदीचे रुपयेही. राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा असलेले, आजीच्या पेटीतून आलेले हे रुपये वर्षभरात काळपट झालेले असतात. चिंचेचा कोळ, बोटभर रांगोळी किंवा बाजारातील एखादी पावडर घेऊन ते खसाखसा चोळले जातात आणि पाच मिनिटांत आरशासारखे लखलखू लागतात. पूजेला ते शोभतात यात शंका नाही. पण त्या रुपयांत एखादे दुर्मीळ वर्षाचे, फारसे न वापरलेले नाणे असेल, तर त्या पाच मिनिटांत त्याची संग्राह्य किंमत निम्म्याहूनही खाली येऊ शकते. कधी कधी तर केवळ चांदीच्या भावापुरतीच उरते.

घरातील माणसे हे अजाणतेपणी करतात. बाजारात मात्र हेच काम जाणूनबुजून केले जाते. झिजलेले नाणे घासून 'न वापरलेले' म्हणून विकायचे, गळ्यातल्या हारातून काढलेल्या नाण्याचे भोक बुजवायचे, सामान्य वर्षाचा आकडा कोरून दुर्मीळ वर्षाचा करायचा, असे उद्योग नाणेसंग्रहाच्या छंदाइतकेच जुने आहेत. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगातून नाणी निवडणाऱ्याला आणि आता संगणकाच्या पडद्यावर छायाचित्र पाहून बोली लावणाऱ्याला हा धोका सारखाच आहे. छायाचित्रावरून खरेदी करणाऱ्याला कदाचित जास्तच, कारण घासलेले नाणे छायाचित्रात नेहमीच देखणे दिसते.

खोटी चमक ओळखायची तर आधी खरी चमक कशी असते ते समजून घ्यावे लागते. टांकसाळीत नाणे पाडताना धातूची चकती दोन ठशांच्या मध्ये प्रचंड दाबाखाली सापडते. त्या दाबाने धातू मध्यापासून कडेकडे अक्षरशः वाहतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. या रेषा मध्यातून किरणांसारख्या बाहेर पसरलेल्या असतात. न वापरलेले नाणे दिव्याखाली तिरके धरून हळूहळू फिरवले, की प्रकाशाचे दोन पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे त्याच्यावरून फिरताना दिसतात. ही टांकसाळीची मूळ झळाळी. ती एकदाच, नाणे पाडले जाते त्या क्षणी मिळते आणि एकदा गेली की जगातला कोणताही कारागीर ती परत आणू शकत नाही. घासलेल्या नाण्यावर प्रकाश फिरत नाही. तो एका जागी थांबतो किंवा सगळ्या पृष्ठभागावर एकसारखा पसरतो. स्टीलच्या चमच्याची चमक आणि रेशमाची चमक यांत जो फरक आहे, तोच येथे असतो.

पाचपट ते दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि टेबलावरचा एक साधा दिवा एवढे साहित्य पुरेसे आहे. ट्यूबलाइटच्या पसरट प्रकाशात घासल्याच्या खुणा लपतात. एका जागेवरून येणारा बल्बचा प्रकाश त्या उघड्या पाडतो. भिंगाखाली घासलेल्या नाण्यावर केसासारखे बारीक ओरखडे दिसतात. हातोहाती फिरताना पडलेले ओरखडे वेगवेगळ्या दिशांचे, कमीजास्त खोलीचे असतात. कापडाने किंवा पावडरीने घासलेल्या नाण्यावर ते एकमेकांना समांतर, अनेकदा गोलाकार आणि उंचवट्यांना वळसा घालून जाणारे असतात. दुसरी खूण अक्षरांच्या कोपऱ्यांत सापडते. मोकळी जागा लख्ख आणि अक्षरांच्या पायाशी, मुकुटाच्या नक्षीत, दातेरी कडेच्या खाचांत मात्र काळी मळी साचलेली, असे दिसले की नाणे घासले गेले आहे असे समजावे. बोट किंवा चिंधी जेथे पोहोचत नाही तेथेच जुना काळ शिल्लक राहतो.

आणखी एक विसंगती साध्या डोळ्यांनाही दिसते. व्हिक्टोरिया राणीच्या गालाचा, केसांचा आणि मुकुटाचा उंच भाग झिजून गुळगुळीत झाला असेल, तर ते नाणे अनेक वर्षे बाजारात फिरलेले आहे. अशा नाण्याचा पृष्ठभाग करडा, मऊसर असायला हवा. झीज आहे आणि लकाकीही आहे, हे एकत्र संभवत नाही.

याहून चलाख प्रकार म्हणजे फिरत्या तारेच्या ब्रशने नाणे घासणे. सराफाच्या दुकानात दागिन्यांना झिलई देण्यासाठी जे यंत्र असते, तसल्याच यंत्रावर बारीक तारांचा ब्रश लावून नाण्यावर फिरवतात. त्यामुळे पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म रेषा उमटतात आणि दुरून पाहणाऱ्याला टांकसाळीच्या झळाळीचा भास होतो. नवखा माणूस येथे हमखास फसतो. पण ब्रश धातूला थोडा थोडा ढकलत नेत असतो. हा ढकललेला धातू अक्षरांच्या आणि आकड्यांच्या एका बाजूला बांधासारखा साचतो. भिंगाखाली अक्षराच्या एका कडेला उठून आलेली बारीक वरंबी दिसली आणि दुसऱ्या कडेला ती नसली, तर ब्रशचा वापर झाला हे नक्की. अमेरिकेत १९८०च्या दशकात सुरू झालेल्या नाणी प्रमाणित करणाऱ्या संस्था नाण्याला १ ते ७० असे गुण देतात. अशा नाण्याला मात्र त्या गुण देत नाहीत, 'तपशील एवढा, पण पृष्ठभाग बिघडवलेला' असा शेरा मारतात. भारतीय संग्राहकांतही आता तीच मोजपट्टी रुळू लागली आहे.

आम्लात बुडवून काढलेली नाणी ओळखणे थोडे कठीण आहे. चांदी उजळण्यासाठी मिळणाऱ्या द्रावणात नाणे काही सेकंद बुडवले की काळपटपणा जातो, ओरखडे पडत नाहीत आणि घासल्याची कोणतीही खूण राहत नाही. मात्र काळपटपणा हा वरून बसलेला मळ नव्हे. हवेतील गंधकयुक्त वायूंशी चांदीची प्रक्रिया होऊन तयार झालेले ते चांदीचेच सल्फाइड असते. ते जाते तेव्हा चांदीचा एक अतिपातळ थर घेऊनच जाते. एखाद्या वेळी फारसे बिघडत नाही, पण तीनचार वेळा हा प्रयोग झाला की त्या वाहत्या रेषाच विरघळतात आणि नाणे खडूसारखे पांढरेफटक, निर्जीव दिसू लागते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा रुपया कालच्या पत्र्यासारखा पांढरा असेल, तर त्याने एवढी वर्षे कोठे काढली, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारायलाच हवा.

नाणे उजळणाऱ्यांची अडचण अशी, की जाणकार गिऱ्हाईक आता पांढऱ्या नाण्याकडे संशयाने पाहते. म्हणून उजळलेल्या नाण्याला पुन्हा जुने करण्याची कला जन्माला आली. चांदीवरचा नैसर्गिक रंग अनेक वर्षांत, थर जाड होत जाईल तसा बदलतो: आधी फिका सोनेरी, मग तांबूस, मग जांभळट, पुढे निळा आणि अखेरीस काळा. साबणाच्या पाण्यावरच्या तवंगात रंग दिसतात त्याच कारणाने हे रंग दिसतात. म्हणूनच त्यांचा क्रम ठरलेला असतो आणि एका रंगातून दुसऱ्यात जाताना सीमारेषा दिसत नाही. गंधकाची रसायने लावून, उष्णता देऊन किंवा चक्क उकडलेल्या अंड्याच्या बलकाशेजारी डबीत कोंडून आणलेला रंग घाईघाईने चढतो. त्यात भडक निळा किंवा गुलाबी रंग मधल्या छटांशिवाय अवतरतो, डागडाग दिसतात, आणि मुख्य म्हणजे तो ओरखड्यांच्या आतही तितकाच भरलेला असतो. घासल्याचे केसाळ ओरखडे आणि त्यांवर इंद्रधनुष्य पसरलेले, असे दिसले की आधी घासले आणि नंतर रंगवले, हा घटनाक्रम उघड होतो.

जुनेपणा आणण्याच्या कलेतील आद्य गुरूंपैकी एक म्हणजे जर्मनीचा कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२-१८३०). प्राचीन ग्रीक व रोमन नाण्यांचे ठसे तो स्वतः कोरत असे. ताज्या पाडलेल्या नाण्यांचा नवेपणा जावा म्हणून तो ती लोखंडाच्या किसासह एका डब्यात भरून आपल्या घोडागाडीखाली बांधत असे आणि खडबडीत रस्त्यांवरून फिरवून आणत असे, अशी त्याची कथा सांगितली जाते. आज बेकरची बनावट नाणीही संग्राहक हौसेने जमवतात, ही गोष्ट वेगळी.

महाराष्ट्रातील संग्राहकांचा खरा कस लागतो तो शिवराईवर. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेले हे तांब्याचे नाणे पुढे वेगवेगळ्या टांकसाळींतून दीर्घकाळ पाडले जात राहिले आणि एकोणिसाव्या शतकातही लोकांच्या कनवटीला होते. त्यामुळे त्याचे प्रकार अगणित आहेत. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसरीस 'छत्रपति' हा लेख. हे नाणे हाताने, हातोडीच्या घावाने पाडलेले असल्यामुळे ठसा मोठा आणि चकती लहान असे हमखास घडते. म्हणून बहुतेक शिवरायांवर लेखाचा काही भाग चकतीबाहेर गेलेला असतो. संपूर्ण लेख ठसठशीत असलेल्या शिवराईला अधिक किंमत येते, आणि नेमके येथेच कोरणी हाती घेतली जाते.

पुसट अक्षर कोरून उठावदार करताना कारागीर अक्षराच्या भोवतीचा तांब्याचा थर खरवडतो. ठशाने उमटलेल्या अक्षराचा पाया जमिनीत हळूच मिसळलेला, गोलसर असतो; कोरलेल्या अक्षराच्या कडेला तीक्ष्ण चर दिसतो आणि त्याच्या लगतची जमीन उरलेल्या जमिनीपेक्षा खोल गेलेली असते. शिवाय तांब्याचा जुना थर खरवडला गेल्यामुळे त्या चरांत लालसर ताजे तांबे डोकावते. ते झाकण्यासाठी नाण्यावर काळसर लेप दिला जातो. शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा हलकेच टेकवला, की रंग किंवा लाखेचा लेप असल्यास बोळ्याला लागतो. तांब्याची खरी छटा अॅसिटोनने सुटत नाही.

तांब्याच्या नाण्यावरील गडद तपकिरी किंवा हिरवा, गुळगुळीत, घट्ट बसलेला थर ही त्याची ढाल असते. चिंच किंवा लिंबू लावून तो काढणे म्हणजे नाण्याची कातडी सोलणेच. काढल्यावर आत दिसते ते खड्डे पडलेले, गुलाबी, केविलवाणे तांबे. अपवाद एकच: फिकट हिरव्या भुकटीसारखी, नखाने झडणारी जंगाल. ती क्लोराइडमुळे होते, दमट हवेत पसरत जाते आणि नाणे आतून पोखरते. अशा नाण्याला इतरांपासून वेगळे ठेवून कोरड्या जागी हलवावे आणि उपचार जाणकारावर सोपवावा.

शिवकालीन सोन्याचा होन हा तर वेगळाच विषय आहे. सुमारे पावणेतीन ग्रॅम वजनाचे हे चिमुकले नाणे इतके दुर्मीळ आहे, की जुन्या बाजारात किंवा ओळखीच्या ओळखीतून 'स्वस्तात' आलेला होन बनावट समजूनच तपासायला सुरुवात करणे शहाणपणाचे. त्यातील सोने खरे असू शकते. सोने खरे म्हणजे होन खरा, या समजुतीवरच हा धंदा चालतो आणि सराफाची कसोटी येथे काही उपयोगाची नाही.

रुपये आणि मोहरा हारात ओवण्याची आपल्याकडची पद्धत जुनी. त्यासाठी नाण्याला भोक पाडत किंवा कडेला डाख देऊन कडी लावत. हार मोडला, की ही नाणी बाजारात येतात आणि भोक चांदीने बुजवून, वरून नक्षी कोरून, सर्वत्र एकसारखी झिलई दिली जाते. येथे झिलईचा हेतू नाणे सुंदर करणे हा नसतो, दुरुस्ती झाकणे हा असतो. कडेवर नजर ठेवली तर चोरी पकडता येते. दातेरी कडेचे दाते एकाच ठिकाणी, बहुधा राजाच्या डोक्याच्या वर किंवा हनुवटीच्या खाली, अस्पष्ट किंवा वाकडे असतील, तर तेथे कडी होती. भोक बुजवलेल्या जागी धातूची छटा किंचित वेगळी असते आणि नाणे लाकडी टेबलावर टाकल्यावर चांदीचा दीर्घ नाद न येता बद्द आवाज येतो. अर्थात आवाजाची परीक्षा भारी नाण्यावर करू नये. टेबलावर आपटून कडेला लागलेला मार हीसुद्धा खोटच.

सर्वाधिक पैसा मात्र एका आकड्यात दडलेला असतो. अमेरिकेतील १९१४ सालचा, डेन्व्हर टांकसाळीचे 'डी' हे चिन्ह असलेला एक सेंट दुर्मीळ आहे, तर १९४४चा 'डी' चिन्हाचा सेंट ढिगाने मिळतो. पहिला ४ तासून त्याचा १ केला, की काम झाले, असे बनावट करणाऱ्यांना वाटले. परंतु १९१८पासून लिंकनच्या खांद्याखाली शिल्पकाराची 'व्हीडीबी' ही आद्याक्षरे येऊ लागली होती. १९१४च्या नाण्यावर ती असूच शकत नाहीत. ती असली तर आकडा बदललेला, आणि ती खरवडलेली दिसली तरी आकडा बदललेलाच. शिवाय ४ जाऊन १ उरल्यामुळे ९ आणि १ यांच्यातील अंतर अवास्तव वाढते.

हीच तर्कपद्धती भारतीय नाण्यांनाही लागू पडते. पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, असा गवगवा झाला. ती नाणी मागे घेण्यात आली आणि १९१२पासून सोंड स्पष्ट दिसेल असा नवा ठसा वापरला गेला. त्यामुळे साल १९११ आणि हत्तीची सोंड लांब, ठळक, असा रुपया कोणी पुढे केला तर शेवटचा १ हा मुळात २ होता की काय, हे भिंगाने पाहावे. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया असाच दुर्मीळ आहे आणि १९३८चा तुलनेने सहज मिळतो. शेवटच्या ८चा ९ करण्याचा मोह कोणाला होईल हे सांगायला नको. बदललेल्या आकड्याच्या भोवतालची जमीन नेहमीच काही तरी बोलते: तेथे झिलई जास्त असते, कानशीच्या रेषा असतात किंवा आकड्याची जाडी शेजाऱ्यांशी जुळत नाही. खऱ्या १९३९च्या नाण्याचे चांगले छायाचित्र शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय या रुपयासाठी खिशात हात घालू नये.

संपूर्ण बनावट नाणी, म्हणजे ओतीव किंवा नव्या ठशाने पाडलेली, पकडण्यासाठी वजनकाटा पुरतो. १८३५पासून १९३९पर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. झिजलेला रुपया थोडा हलका भरेल, पण जड भरणार नाही. वजन बरोबर असूनही शंका असेल, तर पाण्याची परीक्षा घ्यावी. एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. बारीक दोऱ्याने बांधलेले नाणे तळाला किंवा बाजूला न टेकता पूर्ण बुडेल असे धरावे. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागले, की घनता मिळते. खऱ्या रुपयाच्या बाबतीत काटा सुमारे १.१३ दाखवतो आणि घनता १०.३च्या आसपास येते. तांबे-निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा दिलेला असेल, तर तोच आकडा १.३१च्या जवळ जातो. ही परीक्षा नाण्याला ओरखडाही न पाडता होते. मात्र चांदीच पूर्ण टक्क्याची वापरून पाडलेले बनावट नाणे या चाळणीतून निसटते. तेथे पुन्हा भिंग आणि अक्षरांची घडण. ओतीव नाण्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, साबणाच्या वडीवरच्यासारखी मवाळ अक्षरे आणि कडेवर साच्याच्या सांध्याची कानसलेली रेषा असते.

राम दरबार किंवा हनुमानाची प्रतिमा, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले असलेल्या 'चमत्कारी' नाण्यांबद्दल जास्त लिहिण्याची गरज नाही. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. २०१२च्या वैष्णोदेवी नाण्याचे लाखो रुपये मिळतात, असे सांगणाऱ्या जाहिरातीही त्याच कुळातल्या. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपले नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये दिला होता.

घरात जुनी नाणी सापडली तर काय करावे? धुऊ नयेत, हे पहिले. माती किंवा तेलकटपणा असेल, तर शुद्ध पाण्यात काही तास बुडवून ठेवावे आणि न चोळता मऊ कापडावर टिपून घ्यावे. हाताळताना नाणे कडांना धरावे, कारण बोटाच्या घामातील क्षारांचे ठसे कालांतराने धातूत कायमचे उमटतात. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतून हळूहळू हिरवट चिकट द्रव सुटतो, तेव्हा ती टाळावीत. पूजेसाठी लखलखीत नाणे हवेच असेल, तर झिजलेला, सामान्य वर्षाचा एखादा रुपया तेवढ्यासाठी बाजूला काढावा आणि बाकीचे काळे राहू द्यावेत.

शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत, त्यामुळे परदेशी संस्थेकडून प्रमाणपत्र आणून देतो, असे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्याला ते कसे, हे विचारून घ्यावे. शेतात किंवा पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

खरी नाणी डोळ्यांखालून गेल्याशिवाय खोटी ओळखू येत नाहीत, आणि त्यासाठी विकत घेण्याची गरज नाही. मुंबईत फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे, तर नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत अशी नाणी पाहायला मिळतात. काचेआडच्या रुपयांकडे नीट पाहिले, तर लक्षात येते की त्यांतले फार थोडे चकचकीत आहेत.